पांढऱ्या 'पॉम'ची खरी ओळख

चेन्नईपासून पुण्यापर्यंत घरोघरी 'पॉमेरेनियन' म्हणून वाढवला जाणारा पांढराशुभ्र, झुबकेदार शेपटीचा कुत्रा बहुधा पॉमेरेनियन नसतो. तो असतो 'इंडियन स्पिट्झ'. १९९४ मधील 'हम आपके हैं कौन' या चित्रपटातील टफीने हा कुत्रा देशभर लोकप्रिय केला. नाव मात्र चुकीचेच रूढ राहिले.

दोघांचेही मूळ जर्मन स्पिट्झ कुळात आहे. निमुळते तोंड, उभे कान आणि पाठीवर वळलेली शेपटी ही या कुळाची लक्षणे. पॉमेरेनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा प्रदेश आज जर्मनी व पोलंड यांच्यात विभागलेला आहे. तेथील थोराड कुत्र्यांपासून इंग्लंडमध्ये ठेंगणी जात निपजवण्यात आली. राणी व्हिक्टोरियाने १८८८ मध्ये इटलीतून असा कुत्रा नेल्यानंतर ती विशेष लोकप्रिय झाली. खऱ्या पॉमेरेनियनचे वजन दीड ते साडेतीन किलो भरते. भारतीय स्पिट्झ ब्रिटिश अमदानीत आलेल्या कुत्र्यांच्या पैदाशीतून घडला. त्याचा लहान प्रकारही साधारण पाच ते सात किलोंचा असतो.

ही गफलत केवळ नावापुरती नाही. 'टॉय पॉम' म्हणून चढ्या दराने घेतलेले पिल्लू वर्षभरात अपेक्षेपेक्षा दुप्पट मोठे होते, आणि फसगत खरेदीदाराची असली तरी हेळसांड त्या मुक्या जीवाची होते. केनेल क्लब ऑफ इंडिया या संस्थेचे मुख्यालय चेन्नईतच आहे. विक्रेता नोंदणीचा दावा करीत असेल, तर क्लबच्या प्रमाणपत्रावरील मायक्रोचिपचा क्रमांक ताडून पाहावा. पिल्लाची आई पाहता आली तर अधिकच उत्तम.

चेन्नईत खरी कसोटी मे महिन्यात लागते. 'अग्नि नक्षत्रम' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दिवसांत पारा अनेकदा चाळीस अंशांपुढे जातो. अशा वेळी कुत्र्याचे केस मुळापासून भादरण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. बाहेरचे राठ केस उन्हापासून त्वचेचे रक्षण करतात आणि एकदा भादरल्यावर ते पूर्ववत येतीलच असे नाही. आतली गळणारी लोकर विंचरून काढणे पुरेसे असते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीर थंड ठेवतो. म्हणून फिरवणे पहाटे किंवा दिवस मावळल्यावर. धाप थांबत नसेल, तोल जात असेल, तर अंगावर साधे गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि विलंब न करता पशुवैद्यकाकडे न्यावे.