बेस गिटारच्या तारा

बेस गिटार या विद्युत् तंतुवाद्यावरील, पोलादी गाभ्याला वेढे देऊन केलेल्या तारा. नेहमीच्या जुळणीत नीचतम स्वर सु. ४१ हर्ट्‌झचा असतो. त्यासाठी वजनदार तार लागते, पण एकसंध जाड तार ताठ होते, म्हणून वेढे. चपट्या पट्टीच्या वेढ्यांचा नाद मऊ व आखूड असतो. मोटाउनच्या ध्वनिमुद्रणांत जेम्स जेमरसन यांनी अशाच तारा वापरल्या व त्या क्वचितच बदलल्या. साचलेला मळ नादाला पोषक, असे ते मानीत. गोल वेढ्यांच्या तारा १९६६ मध्ये जॉन एंटविसल यांच्या सहकार्याने रोटोसाउंडने आणल्या. त्यांचा नाद तेजस्वी, परंतु बोटे सरकताना खरखर होते व पडदे झिजतात. पडदे नसलेल्या बेसची पट्टी तर त्या कोरतात; जॅको पास्टोरियस यांनी तीवर इपॉक्सीचा थर दिला होता. असा लेप नसल्यास चपटे वेढेच बरे.