मताला जामीनदार लागतो काय?

आरोंद्याला तेरेखोल खाडीकाठी उभे राहिले की पलीकडे गोवा दिसतो. १९५२ च्या निवडणुकीत अलीकडच्या मजुरालाही मत होते. पलीकडे पोर्तुगीज होते. प्रौढ मताधिकाराने विधानसभा निवडायला तिथे डिसेंबर १९६३ उजाडावा लागला.

अलीकडचे मतही कुणी दान दिलेले नाही. ब्रिटिश मुलखात शेतसारा, मालमत्ता, शिक्षण पाहून मत मिळे. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी सरसकट प्रौढ मताधिकार मागितला. आज तो संविधानाच्या कलम ३२६ मध्ये आहे.

पण लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चे कलम ६२(५) वाचा. तुरुंगातल्याला मत नाही. गुन्हा सिद्ध न झालेल्या कच्च्या कैद्यालाही नाही. (प्रतिबंधात्मक स्थानबद्धाला मात्र आहे!) सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली हे वैध ठरवले. २०१३ च्या दुरुस्तीपासून तुरुंगातून निवडणूक लढवता येते, मत देता येत नाही.

एकाच गुन्ह्यातले दोन आरोपी घ्या. जामीन दोघांनाही मंजूर. एकाकडे सातबारावाला जामीनदार आहे, तो मतदानाच्या रांगेत. दुसऱ्याच्या घरात गुंठाभर जमीन नाही, तो आत. मालमत्तेची अट रद्द झाली म्हणतात, ती ही अशी परत आली. कच्च्या कैद्यांत दलित, आदिवासी, मुस्लिम यांचे प्रमाण लोकसंख्येतील वाट्यापेक्षा जास्त आहे, हे सरकारी आकडेच सांगतात. निवडणुकीत मते मागायला आपल्या वस्तीत येणाऱ्या प्रत्येक पक्षाला या कलमाबद्दल विचारा.