पोलीस पाटील ते कॅमेरा

मुठेकाठचे वारजे १९९७ साली पुणे महापालिकेत आले. त्याआधी ते हवेली तालुक्यातले एक गाव होते. गावात नवखा कोण आला, तंटा कुठे पेटतो आहे, याची खबर पोलिसांना देण्याचे काम महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याने पोलीस पाटलाकडे आहे. तो गावातलाच माणूस. सारे त्याला ओळखतात आणि तो साऱ्यांना.

आज महामार्गाच्या दोन्ही अंगांना इमारती उभ्या आहेत. शेजारच्या बिऱ्हाडात कोण राहते, हेही ठाऊक नसते. मग पोलिसांनी पाहायचे कुणाच्या डोळ्यांनी?

एक वाट मदतनिसांची. डिसेंबर १९४६ मध्ये मोरारजी देसाईंच्या पुढाकाराने मुंबईत होमगार्ड सुरू झाले. गणेशोत्सवाच्या बंदोबस्तात हे जवान आपण पाहतो. कामावर बोलावले की त्यांना पोलिसाचेच अधिकार मिळतात. १९५१ च्या पोलीस कायद्याच्या २१ व्या कलमाने विशेष पोलीस अधिकारीही नेमता येतो. मात्र त्याला तसे प्रमाणपत्र द्यावे लागते. म्हणजे अधिकार कुणाकडून आला, हे कागदावर राहते.

दुसरी वाट कॅमेऱ्याची. २०१० मध्ये जर्मन बेकरीत आणि २०१२ मध्ये जंगली महाराज रस्त्यावर स्फोट झाल्यानंतर पुण्यात चौकाचौकांत कॅमेरे बसले. साखळीचोर त्यात टिपला जातो, सिग्नल तोडणाऱ्याला दंडाची पावती मोबाइलवर येते. त्याचा उपयोग कोण नाकारील?

पण सोसायटीच्या दारातला कॅमेरा चोरापेक्षा आपल्यालाच अधिक वेळा पाहतो. तपासासाठी पोलिसांनी चित्रण मागणे वेगळे आणि कुणाची मुलगी रात्री किती वाजता परतली, हे कार्यालयात बसून चघळणे वेगळे. गावातही कुचाळक्या होत, पण त्या विरून जात. चित्रण मात्र साठून राहते, हातोहात फिरते.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये दिला. २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्याने मात्र गुन्ह्यांचा प्रतिबंध आणि तपास यांसाठी बरीच मोकळीक ठेवली. २०२० मध्ये न्यायालयाने पोलीस ठाण्यांतही कॅमेरे लावून चित्रण शक्यतो १८ महिने जपण्यास सांगितले. पाहणाऱ्यावरही नजर हवी, हाच त्याचा अर्थ.

तो न्याय आपल्या सोसायटीला का नको? चित्रण कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, कुणाला देणार, एवढे तीन प्रश्न पुढच्या सर्वसाधारण सभेत विचारायला हवेत. उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत. कुलूप आपणच लावले आहे. किल्ली कुणाकडे आहे, हे आपल्याला माहीत असायलाच हवे.