बॅटरीच्या गाडीला प्रकाशाची जोड

डहाणू व तलासरी हे पालघर जिल्ह्यातील शेजारी तालुके. पश्चिमेस समुद्र व चिकूच्या वाड्या, पूर्वेस डोंगरउतार व आदिवासी पाडे. केंद्र शासनाच्या २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. अशा प्रदेशात धूर न सोडणाऱ्या वाहनाचे महत्त्व वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. मूळ गोल्फच्या मैदानासाठी तयार झालेली बॅटरीवरील छोटी गाडी आता रेल्वे स्थानके, मोठी रुग्णालये, उद्याने अशा ठिकाणी वृद्ध व दिव्यांग व्यक्तींची ने-आण करते. वाड्या, पर्यटन निवास व शैक्षणिक संस्थांच्या आवारातही ती उपयोगी पडू शकते.

मात्र यातील अनेक गाड्या दिवसाच्या वापरासाठी बनविलेल्या असतात. त्यांना पुरेसे दिवे नसतात. गाडीचा आवाजही जवळजवळ नसल्याने अंधारात पायी चालणाऱ्यास तिची चाहूल लागत नाही. झाडांच्या दाट सावलीत किंवा पावसाळी संध्याकाळी हा धोका अधिक वाढतो. म्हणून दिवे बसविणे ही शोभेची नव्हे, तर सुरक्षिततेची बाब आहे.

एलईडीच का?

एलईडी दिव्यात विजेचे रूपांतर उष्णतेत कमी व प्रकाशात अधिक होते. पांढऱ्या एलईडीचा मार्ग निळ्या एलईडीच्या शोधाने मोकळा झाला. या शोधाबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बॅटरीवर चालणाऱ्या गाडीत हा लाभ थेट दिसून येतो. समजा, पुढील दोन दिवे प्रत्येकी १८ वॅटचे आहेत आणि मागील व दिशादर्शक दिवे मिळून २४ वॅट घेतात. एकूण मागणी ६० वॅट झाली. रूपांतरातील घट धरून बॅटरीतून सुमारे ७० वॅट जातील. तीन तासांचा खर्च २१० वॅट-तास. ४८ व्होल्ट, १५० अँपिअर-तास क्षमतेच्या संचात ७,२०० वॅट-तास ऊर्जा असते. म्हणजे दिव्यांवर त्यातील केवळ तीन टक्के खर्च होते. याउलट ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवेच तेवढ्या वेळात ३३० वॅट-तास खातात.

नेहमी होणारी चूक

वाहनांचे दिवे सामान्यतः १२ व्होल्टचे असतात, तर गाडीचा संच ३६ किंवा ४८ व्होल्टचा असतो. तेव्हा चार बॅटऱ्यांपैकी एकीलाच दिव्याची तार जोडण्याचा मोह होतो. दिवा लागतो आणि काम झाले असे वाटते. परंतु ती एक बॅटरी इतरांपेक्षा अधिक रिकामी होते. चार्जिंग मात्र चारही बॅटऱ्यांचे एकत्रच होते. त्यामुळे ती बॅटरी पुरती भरत नाही आणि बाकीच्यांना प्रमाणापेक्षा अधिक चार्ज मिळतो. कालांतराने एका दिव्यापायी संपूर्ण महागडा संच निकामी होतो.

योग्य उपाय म्हणजे संपूर्ण संचावरून वीज घेऊन ती १२ व्होल्टपर्यंत उतरविणारा डीसी कन्व्हर्टर बसविणे. वरील उदाहरणात १२ व्होल्टच्या बाजूस ५ अँपिअर लागतात. तेव्हा १० अँपिअरचा कन्व्हर्टर घेतल्यास तो तापत नाही. ४८ व्होल्टचा संच चार्ज होताना जवळजवळ ६० व्होल्टपर्यंत जातो. कन्व्हर्टर व फ्यूज दोन्ही हा दाब सोसणारे असावेत. फ्यूज बॅटरीच्या धन अग्राजवळच बसवावा. तो दूर बसविल्यास मधल्या तारेला संरक्षण मिळत नाही आणि ती घासून उघडी पडल्यास आग लागू शकते. परतीचा प्रवाह सांगाड्यातून न नेता त्यासाठी स्वतंत्र तार टाकावी. लिथियम बॅटरी असल्यास उत्पादकाचा सल्ला घेतल्याशिवाय जोडणी करू नये.

काम सुरू करण्यापूर्वी संचाची जोडणी सोडवावी आणि हातातील अंगठी, कडे उतरवून ठेवावे. शिसे-आम्ल बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो. म्हणून जागा हवेशीर असावी. किनाऱ्यावरील खारी हवा तांब्याच्या जोडांना लवकर गंज आणते. यास्तव जोड पक्के दाबून जलरोधक आवरणाने बंद करावेत.

कायद्याची मर्यादा

दिवे बसविले म्हणून आवारातील गाडी सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील व्याख्येतून केवळ बंदिस्त आवारात वापरावयाची विशेष वाहने वगळली आहेत. ही सूट फाटकाच्या आतच लागू आहे. तलासरीतून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४८ वर अशी मंदगती गाडी नेणे जिवाशी खेळ ठरेल. नोंदणीकृत ई-रिक्षाला दिवे मुळातच असतात. तिच्यात नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल करण्यास कायद्याने मनाई आहे.

या संदर्भात माथेरानचे उदाहरण उद्बोधक आहे. मोटारींना बंदी असलेल्या त्या गिरिस्थानी सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीनंतर डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रायोगिक उपक्रम सुरू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने माणसाने ओढावयाच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. तेथे वाहन आधी नियमात बसविले गेले, मग रस्त्यावर आले.

संस्थाप्रमुखांनी काम प्रशिक्षित वीजतंत्र्याकडून करवून घ्यावे. पुढे पांढरा व मागे लाल दिवा आणि परावर्तक पट्ट्या असाव्यात. पुढील झोत खाली झुकलेला असावा. काम पूर्ण झाल्यावर अंधार पडताच गाडीसमोर वीस पावलांवर उभे राहून पाहावे. गाडी स्पष्ट दिसली पाहिजे, पण पाहणाऱ्याचे डोळे दिपता कामा नयेत. चालकाला वाट दिसणे जितके आवश्यक, तितकेच पायी चालणाऱ्याला गाडी दिसणेही.