टाकून दिलेल्या यंत्राचा सूर

इंग्लंडमधील 'आय लव्ह ॲसिड' ही लहानशी ध्वनिमुद्रिका-प्रकाशन संस्था आपली प्रत्येक तबकडी अवघ्या ३०३ प्रतींपुरतीच काढीत आली आहे. चारशे प्रती खपण्याजोग्या असल्या तरी ३०३ च. या आकड्याचा संबंध खपाशीही नाही आणि शुभाशुभाशीही नाही. तो एका यंत्राचा अनुक्रमांक आहे. जपानच्या रोलँड कंपनीने १९८१ च्या सुमारास बाजारात आणलेले आणि १९८४ मध्ये, खप नाही म्हणून, बंद केलेले 'टीबी-३०३' हे ते यंत्र. चाळीस वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांनी मिळेल त्या किमतीला काढून टाकलेल्या या यंत्राच्या आवाजावर आजही नवनवे संगीत निघत आहे, आणि ते काढणाऱ्यांत यंत्राचे उत्पादन थांबल्यानंतर जन्मलेल्या कलावंतांचा भरणा मोठा आहे.

या संगीताला 'भूमिगत' म्हणतात. त्यात राजकीय गुप्ततेचा अर्थ अभिप्रेत नाही. मोठ्या कंपन्या, चित्रपट आणि नभोवाणीवरील लोकप्रियतेच्या याद्या यांच्या आश्रयावाचून, नृत्यगृहे आणि छोटी दुकाने यांच्या आधारावर जे चालते ते भूमिगत, एवढाच त्याचा अर्थ. अशा प्रकाशनसंस्था पुष्कळदा एकाच माणसाच्या बळावर चालतात; तीनशे ते पाचशे प्रती काढाव्यात, त्यांच्या विक्रीतून पुढच्या तबकडीचा खर्च भागवावा, असा त्यांचा व्यवहार असतो. भूतकाळाकडे वळण्याची ओढ या वर्तुळात विशेष दिसते. ती केवळ स्मरणरंजनाची आहे काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर मात्र यंत्राच्या अंतरंगात शिरल्यावाचून मिळणार नाही.

टीबी म्हणजे ट्रान्झिस्टर बेस. एकट्याने गिटार वाजविणाऱ्याला खर्जातील साथ मिळावी, बेस-गिटार वाजविणारा दुसरा माणूस शोधावा लागू नये, हा ते घडविण्यामागील हेतू. तादाओ किकुमोतो या अभियंत्याने त्याची रचना केली. साथीला ताल धरण्यासाठी त्याच मापाचे टीआर-६०६ हे तालयंत्र होते. परंतु टीबी-३०३ चा आवाज खऱ्या बेस-गिटारसारखा मुळीच येत नसे. गिटारवादकांनी ते नाकारले. जेमतेम दहा हजार यंत्रे तयार झाल्यावर उत्पादन थांबले आणि उरलेली यंत्रे जुन्या वाद्यांच्या दुकानांतून धूळ खात पडली. ज्या दोषामुळे ते फसले तोच पुढे त्याचा गुण ठरावयाचा होता.

या यंत्रात ध्वनी कसा निर्माण होतो, हे समजून घेणे कठीण नाही. प्रथम एक विद्युत्-मंडल करवतीच्या दात्यांसारखा किंवा चौकोनी आकाराचा तरंग उत्पन्न करते. अशा तरंगात मूळ स्वराबरोबर त्याच्या पटींतील कंपनसंख्येचे अनेक वरचे अंश मिसळलेले असतात. म्हणून तो आवाज कर्कश, भरगच्च वाटतो. हा आवाज नंतर एका गाळणीतून, म्हणजे फिल्टरमधून, जातो. एक खुंटी फिरवली की गाळणीची मर्यादा खाली येते, वरचे अंश गळून पडतात आणि आवाज घुमा होतो. उलट फिरवली की तो उघडा, धारदार होत जातो. दुसरी खुंटी अनुस्पंदनाची. ती वाढविली असता गाळणीच्या मर्यादेलगतचे अंश तेवढे फुगतात आणि मूळ स्वराच्या डोक्यावर जणू एक शीळ उमटते. आता दोन्ही खुंट्या एकाच वेळी फिरवाव्या. स्वर तोच राहतो, परंतु त्यातील चमक खालून वर, वरून खाली सरकू लागते. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा सरकवताना तारेतून एकेक वरचा अंश झळकून जातो, तो अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना हा प्रकार अपरिचित वाटणार नाही. तंबोऱ्यात ही झळक एका जागी स्थिर केली जाते. येथे मात्र तिचे हलणे हेच संगीत होते.

याखेरीज दोन गोष्टी आहेत. ज्या स्वरावर 'आघात' ठेवला असेल तो नुसता मोठा होत नाही, तर त्याबरोबर गाळणीही झटक्याने उघडते. आणि जेथे 'स्लाइड' ठेवली असेल तेथे एक स्वर तुटून दुसरा लागत नाही. आपल्या मींडेप्रमाणे पहिला दुसऱ्यात घसरत जातो. सोळा पायऱ्यांचे एक आवर्तन, त्यात कोठे आघात, कोठे मींड, कोठे विराम. यंत्र ते अखंड फिरवीत राहते.

हे आवर्तन यंत्रात भरण्याची पद्धत मात्र विलक्षण त्रासाची होती. स्वरांची ओळ एकदा भरावयाची आणि त्यांचा काळ दुसऱ्यांदा, वेगळ्या कळीने. दोहोंत एका पायरीची चूक झाली तरी सारे स्वर आपल्या जागेवरून घसरत. विजेरी काढून ठेवली की स्मृतीतील मजकूर विस्कटे आणि पुन्हा चालू करताच कोणीही न रचलेली स्वरावली ऐकू येई. वादकाने ठरविलेले एक आणि यंत्राने वाजविलेले भलतेच, असे वारंवार घडे. उत्पादकाच्या दृष्टीने हा दोष होता. ज्याला ठरलेले असे काहीच वाजवावयाचे नव्हते त्याच्या दृष्टीने ती देणगी होती.

असा माणूस शिकागोत भेटला. येथे थोडे मागे जावे लागते. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर डिस्को संगीताच्या तबकड्यांचा ढीग सुरुंगाने उडविण्यात आला आणि पाठोपाठ जमावाने मैदानात धुडगूस घातला. मोठ्या कंपन्यांनी त्यानंतर डिस्कोकडे पाठ फिरवली. परंतु शहरातील कृष्णवर्णीय आणि समलिंगी तरुणांच्या नृत्यगृहांतून तेच संगीत चालू राहिले. फ्रँकी नकल्ससारखे तबकडी-वादक जुन्या डिस्कोच्या तबकड्यांना तालयंत्राचे ठोके जोडून त्या लांबवू लागले, आणि त्यांच्या 'वेअरहाउस' या नृत्यगृहाच्या नावावरून या शैलीला 'हाउस' हे नाव पडले. हे संगीत आरंभापासूनच इतरांनी टाकून दिलेल्या वस्तूंवर उभे होते, ही गोष्ट आजच्या पुनरुज्जीवनाविषयी लिहिणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

नॅथॅनिएल पिअर जोन्स, अर्ल स्मिथ आणि हर्बर्ट जॅक्सन या तीन शिकागोवासी तरुणांच्या हाती एक जुने टीबी-३०३ आले. ते कसे चालवावे याची माहिती त्यांना नव्हती. यंत्र आपले आवर्तन फिरवीत होते आणि जोन्स खुंट्या फिरवीत राहिला. ती ध्वनिफीत त्यांनी 'म्यूझिक बॉक्स' या नृत्यगृहाच्या रॉन हार्डीला दिली. पहिल्या खेपेस नाचणारे जागा सोडून गेले. हार्डीने त्याच रात्री ती पुन:पुन्हा वाजविली, आणि अखेरच्या खेपेस ते बेभान होऊन नाचले, असे या तरुणांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. १९८७ मध्ये ट्रॅक्स रेकॉर्ड्स या संस्थेने 'फ्यूचर' या पथकनामाखाली ती 'ॲसिड ट्रॅक्स' म्हणून प्रसिद्ध केली. अकरा मिनिटांहून लांब असलेल्या या रचनेत गीत नाही, चाल म्हणावी अशी चालही नाही. एकच आवर्तन आहे आणि त्याचा सतत बदलणारा वर्ण आहे.

पुढील वर्षी इंग्लंडमध्ये 'ॲसिड हाउस'ची लाट आली. नावाचा मादक द्रव्याशी संबंध जोडून वृत्तपत्रांनी गहजब केला, तरुणांच्या रात्रभर चालणाऱ्या मेळाव्यांवर पोलिसांची नजर वळली. १९९४ च्या कायद्यात तर पुनरावृत्त ठोक्यांच्या संगीताची व्याख्याच करण्यात आली. हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, लाट ओसरल्यावरही काही ठिकाणी हे काम थांबले नाही. हॉलंडमधील हेग येथे गी तावारेस यांनी १९९२ मध्ये 'बंकर' ही संस्था काढली आणि खडबडीत, घासूनपुसून गुळगुळीत न केलेल्या ध्वनीचा तिने आग्रह धरला. त्याच शहरातील डॅनी वोल्फर्स 'लेगोवेल्ट' या नावाने जुन्या, स्वस्त सिंथेसायझरांवर रचना करीत आले; २०११ मधील आपला 'द टीॲक लाइफ' हा रचनासंग्रह त्यांनी कोणासही विनामूल्य घेता येईल असा खुला केला.

अलीकडच्या कृतींपैकी दोन येथे सांगण्याजोग्या आहेत. योहानेस आउविनेन हे 'टिन मॅन' या नावाने लिहितात. त्यांच्या 'निओ निओ ॲसिड' या २०१२ च्या संग्रहात तेच चंदेरी यंत्र आहे, परंतु त्याचा आक्रोश नाही. खुंट्या इतक्या सावकाश फिरतात की तो आवाज उदास, जवळजवळ एकाकी गाण्यासारखा वाटू लागतो. हँबर्गच्या हेलेना हाउफ यांचा मार्ग नेमका उलट आहे. त्यांच्या २०१८ च्या 'क्वाल्म' या संग्रहाच्या नावाचा जर्मन भाषेतील अर्थ दाट धूर असा आहे. मोजकी यंत्रे मांडून त्यांनी केलेल्या या रचनांत ठोक्यांचा कोरडेपणा आणि यंत्राची गुरगुर जशीच्या तशी ठेवली आहे. यंत्र एकच, परंतु या दोन कृती एकमेकींसारख्या नाहीत आणि 'ॲसिड ट्रॅक्स'सारख्याही नाहीत. यंत्राची मर्यादा फार अरुंद असल्यामुळे वादकाचा स्वभावच तेवढा उरतो. आपल्याकडे पाचच स्वरांच्या भूपाला दोन गायक दोन रूपे देतात, त्याचे कारणही याहून फारसे वेगळे नाही.

अर्थात, सारेच पुनरुज्जीवन या योग्यतेचे नाही. मूळ यंत्र दुर्मीळ झाले, त्याची किंमत कित्येक पटींनी चढली, आणि प्रतिकृतींचा बाजार उभा राहिला. स्वीडनच्या प्रॉपेलरहेड कंपनीने १९९७ मध्ये 'रिबर्थ' हा संगणक-कार्यक्रम काढला. २००५ मध्ये अमेरिकेतील लिमोर फ्रीड यांनी सुटे भाग जोडून ज्याचे त्याने घरी तयार करावयाचे 'झॉक्सबॉक्स' आणले आणि त्याचा आराखडा सर्वांना खुला केला. २०१६ मध्ये खुद्द रोलँडने टीबी-०३ हे छोटे संगणकीय रूप विकावयास काढले. २०१९ मध्ये बेरिंगरची स्वस्त प्रतिकृती आली. यंत्र पुन्हा सामान्य माणसाच्या आवाक्यात आले हे चांगलेच झाले. परंतु त्याबरोबर असेही संगीत उदंड निघाले की ज्यात १९८७ ची वेशभूषा तेवढी आहे. संगणकावर स्वच्छ रचना करावयाची आणि नंतर तिच्यावर ध्वनिफितीची खरखर मुद्दाम शिंपडावयाची, हा प्रकार नव्या भिंतीला शेवाळाचा रंग देण्यासारखा आहे.

तबकडीविषयीचा आग्रह मात्र निव्वळ दिखाऊ म्हणता येत नाही. बारा इंची तबकडीवर एकच रचना मोकळ्या अंतराने कोरली म्हणजे खोबणी रुंद राहतात आणि खर्जाचे मोठे ठोके सुई न उडता उमटतात. पण हा धंदा किती नाजूक धाग्यावर लोंबकळतो, हे फेब्रुवारी २०२० मध्ये दिसले. कॅलिफोर्नियातील बॅनिंग येथील अपोलो मास्टर्सचा कारखाना आगीत नष्ट झाला. तबकडी कोरण्यासाठी लागणाऱ्या लाखेच्या चकत्या बनविणारे जगात दोनच प्रमुख कारखाने होते. उरला तो जपानमधील.

जुन्या संगीताला नवी मागणी आली की त्याचा मोबदला कोणाच्या पदरी पडतो, हा यापुढचा प्रश्न. शिकागोच्या पहिल्या पिढीला तो फारसा मिळाला नाही. लॅरी हर्ड आणि रॉबर्ट ओवेन्स या दोन आद्य कलावंतांनी मानधन न मिळाल्याचा आरोप करून २०२० मध्ये ट्रॅक्स रेकॉर्ड्सविरुद्ध अमेरिकेच्या न्यायालयात दावा लावला. २०२२ मध्ये तडजोड झाली आणि आपल्या ध्वनिमुद्रणांवरील हक्क त्यांना परत मिळाले. मधल्या पस्तीस वर्षांत ती संगीतरचना जगभर वाजत होती.

या कथेचा एक धागा मुंबईत येतो. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार आणि विद्युत्-वाद्ये वाजविणारे चरणजित सिंग यांनी सिंगापूरहून आणलेली ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ ही तीन यंत्रे घेऊन १९८२ मध्ये दहा रागांची एक तबकडी ध्वनिमुद्रित केली. डिस्कोच्या ठेक्यावर भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस. ग्रामोफोन कंपनीने ती प्रसिद्ध केली. खप नगण्य झाला. एदो बाउमन या डच संग्राहकाला २००२ मध्ये दिल्लीच्या एका दुकानात तिची प्रत सापडली आणि २०१० मध्ये त्याने ती पुन्हा प्रकाशित केली. ऐकणारे चकित झाले, कारण 'ॲसिड ट्रॅक्स'च्या पाच वर्षे आधीचा तो आवाज जवळजवळ तोच होता. ॲसिड हाउसचा जनक मुंबईचा, अशी बातमी पसरली. ती खरी मानता येणार नाही. या तबकडीतून शिकागोला काही पोहोचल्याचा पुरावा नाही. दोन्ही ठिकाणी सामाईक होते ते यंत्र. शिकागोच्या तरुणांना चूक होऊन जे हाती लागले ते सिंग यांनी जाणून वापरले: स्लाइड त्यांना मींडेसाठी हवी होती आणि न थांबणारे आवर्तन खालच्या अखंड खर्जासाठी.

पुन:प्रकाशनानंतर, सत्तरी ओलांडलेल्या सिंग यांना युरोपातून बोलावणी आली. तेथील रंगमंचांवर तशाच जुन्या यंत्रांपुढे उभे राहून त्यांनी ते राग तरुण श्रोत्यांना ऐकविले. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. १९८२ च्या मूळ तबकडीला आता संग्राहक मोठी किंमत देतात. ती रक्कम प्रत विकणाऱ्याला मिळते. वादकाच्या वाट्याला आल्या त्या या उशिराच्या मैफली.