सरकारदरबारी बाजू मांडायची, पण कशी?





मागच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका जुन्या सभासदांनी उभे राहून सरळ प्रश्न टाकला, "आपले चेअरमनसाहेब सारखे मुंबई-दिल्ली करतात. गाडीभाडं आमच्या उसातून जातं. तिथं जाऊन नेमकं करतात काय?" सभेत हशा पिकला. उत्तर दिले गेले, पण दोन वाक्यांत. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. म्हणून या अंकात खोडव्याच्या व्यवस्थापनावर लिहायचे बाजूला ठेवून या प्रश्नावर लिहीत आहे. खोडव्याचे पुढच्या अंकी.

आपल्या मालाचा भाव कागदावर ठरतो

आपला कारखाना आता नुसता साखरेचा राहिलेला नाही. बगॅस जाळून आपण वीज तयार करतो, मळी व रसापासून इथेनॉल करून तेल कंपन्यांना देतो. म्हणजे आपण ऊर्जा विकणारे झालो. पण या मालाचा भाव अडत्याच्या पेढीवर ठरत नाही. विजेच्या दराचा निर्णय राज्य वीज नियामक आयोगापुढे होतो. उसापासूनच्या इथेनॉलचा दर केंद्र सरकार ठरवते. उसाची एफ. आर. पी.ही तेच ठरवते.

याचा चटका २०२३ साली सगळ्या कारखानदारीला बसला. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट सरकारनेच २०३० वरून अलीकडे ओढून २०२५-२६ वर आणले होते. त्या भरवशावर ठिकठिकाणी कर्जे काढून आसवन्या वाढवल्या गेल्या. आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन गाळपात, उसाचा रस व पाक इथेनॉलसाठी वापरू नये असा केंद्राचा आदेश आला. साखरेचे उत्पादन घटेल ही सरकारची चिंता होती, तीही खोटी नव्हती. संघटनांनी निवेदने दिली, भेटीगाठी झाल्या. १५ डिसेंबरला आदेशात फेरबदल होऊन १७ लाख टन साखरेपुरती मुभा मिळाली. पुढील वर्षासाठीची बंदी ऑगस्ट २०२४ मध्ये उठली. आठ दिवसांत आदेश बदलतो तेव्हा आपली अडचण आकड्यांनिशी मांडणारे माणूस तिथे असावे लागते. गाडीभाडे यासाठी लागते.

बाजू मांडणे म्हणजे वशिला नव्हे

या कामाला इंग्रजीत 'लॉबिंग' म्हणतात. कायदेमंडळाच्या सभागृहाबाहेरच्या दालनाला लॉबी म्हणतात. तिथे सभासदांना गाठून आपले म्हणणे पटवायचे, असा त्याचा मूळ अर्थ. म्हणणे पटवण्यात गैर काही नाही. पाटबंधारे खात्याकडे पाळीपत्रकासाठी अर्ज करणारा शेतकरीही तेच करतो. गैर असते ते म्हणणे लपवणे, फुगवणे, किंवा पैशाने वजनदार करणे.

अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने असे काम करणाऱ्यांनी नोंदणी करून कोणत्या विषयावर किती खर्च केला हे जाहीर करावे लागते. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. लाच देणाराही गुन्हेगार, आणि त्याची संस्थाही जबाबदार, अशी दुरुस्ती भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली झाली. पण लाच आणि चोख व्यवहार यांच्यामध्ये बरीच रिकामी जागा उरते. तिथे आपले पथ्य आपणच पाळायचे.

झाकपाक केल्याचे फळ

दाभोळचा वीज प्रकल्प जुन्या सभासदांना आठवत असेल. १९९३ साली आपल्या वीज मंडळाने एन्रॉनने उभ्या केलेल्या कंपनीशी वीजखरेदीचा करार केला. स्पर्धेच्या निविदा मागवल्या नव्हत्या. जागतिक बँकेने त्याच वर्षी, हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही म्हणून पैसा देण्याचे नाकारले होते. पुढे १९९५ साली कंपनीच्या अधिकाऱ्याने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितले की भारतीयांना 'शिक्षित' करण्यासह प्रकल्पाच्या तयारीवर दोन कोटी डॉलर खर्च झाले. हे शिक्षण कोणाला दिले, याची चर्चा महाराष्ट्रात वर्षानुवर्षे चालली. कोर्टात लाच सिद्ध झाली नाही, हेही सांगितले पाहिजे. पण करार १९९५ मध्ये रद्द झाला, १९९६ मध्ये नव्याने झाला आणि २००१ मध्ये वीज घेणेच थांबले. पडद्याआड मिळवलेली सवलत टिकत नाही. खरी असली तरी तिला संशय चिकटून राहतो.

दुसरे उदाहरण अमेरिकेतल्या ओहायो राज्याचे. तिथे तर सगळे कोर्टात सिद्ध झाले. 'फर्स्टएनर्जी' या वीज कंपनीच्या गटातील दोन अणुवीज केंद्रे तोट्यात होती. २०१९ साली राज्याच्या विधानसभेने त्यांना सुमारे एक अब्ज डॉलरचा आधार देणारा कायदा केला. पैसा येणार होता लोकांच्या वीजबिलातून. पुढे उघड झाले की लोककल्याणाचे नाव घेतलेल्या एका संस्थेमार्फत सुमारे सहा कोटी डॉलर विधानसभेच्या सभापतींच्या गटाकडे वळवले गेले होते. २०२१ साली कंपनीने कबुली देऊन २३ कोटी डॉलर दंड मान्य केला. सभापतींना २०२३ साली २० वर्षांची शिक्षा झाली. आणि ती सवलत? ती २०२१ सालीच रद्द झाली. अणुवीज केंद्रे चालावीत ही मागणी कदाचित उघड्यावर मांडूनही पटली असती. पण दुसऱ्याच्या तोंडून बोलायची आणि पैसा लपवायची वाट धरली, आणि गाडी रुतली.

संघटना आपल्या नावाने काय बोलते?

तेल कंपनी 'शेल'ने २०१९ साली एक चांगला पायंडा पाडला. आपण ज्या १९ व्यापारी संघटनांना वर्गणी देतो, त्या हवामानाच्या प्रश्नावर सरकारपुढे काय बोलतात, याची तपासणी करून तिने अहवाल छापला. एका मोठ्या संघटनेचे म्हणणे आपल्या जाहीर धोरणाशी जुळत नाही असे दिसल्यावर तिचे सभासदत्व सोडायचे ठरवले. शेलवर पर्यावरणवाद्यांची टीका आजही होते आणि ती बिनबुडाची नाही. पण हा एक धडा घेण्याजोगा आहे. वर्गणी आपली, तर बोलणेही आपलेच धरले जाते.

आपणही राज्य साखर संघाला वर्गणी देतो. मग आपल्या नावाने काय मागितले जाते, हे आपल्याला ठाऊक हवे. एफ. आर. पी.चेच पाहा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर १५ टक्के व्याज. कारखान्यांच्या बाजूने दोन हप्त्यांची मागणी होत होती. २१ फेब्रुवारी २०२२ रोजी राज्य शासनाने तसा निर्णय काढला: पहिला हप्ता ठरावीक उताऱ्यावर, उरलेला हंगाम संपल्यावर प्रत्यक्ष उताऱ्यावर. शेतकऱ्यांच्या बाजूने त्याला आव्हान दिले गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

कारखान्यांची अडचण मला कळते. हंगामाच्या सुरुवातीला उतारा कमी, साखर गोदामात, बँकेचे व्याज चालू. पण सहकारी कारखान्याचा मालक कोण? ज्याचे पैसे लांबणार होते तोच ना! मालकाला न विचारता मालकाविरुद्ध मागणी करणे हे सहकारात बसत नाही. माझे मत असे की असा विषय आधी सभासदांपुढे यावा, मग पुढे जावा.

माझी स्वतःची चूक

दुसऱ्यांची उदाहरणे सांगताना स्वतःचे झाकणे बरे नाही. काही वर्षांपूर्वी उसाला पाणी फार लागते या आक्षेपाला उत्तर म्हणून एक निवेदन तयार होत होते. ठिबकखालच्या क्षेत्राचा आकडा माझ्याकडून गेला. मी घाईत मंजूर प्रकरणांचा आकडा दिला. त्यातले बरेच संच अजून रानात बसलेच नव्हते. बैठकीत एका अधिकाऱ्याने शांतपणे विचारले, "हे मंजूर क्षेत्र की चालू क्षेत्र?" माझ्याने बोलवेना. पुढच्या आठवड्यात सुधारलेला आकडा लेखी पाठवला. तो बराच खाली होता. आमची मूळ मागणी रास्त होती, पण त्या दिवशी आमच्या बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडाला.

पाण्याचा आक्षेप डोळ्याआड करून चालणारही नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यातच, उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २८६० लिटर पाणी लागते असा हिशेब दिला आहे. हा आकडा आपल्याला अडचणीचा. पण तो आपणच सांगितला आणि त्यापुढे आपण काय करतो आहोत तेही सांगितले, तर ऐकणारा ऐकतो.

वजनकाट्याचे उदाहरण घ्या. सभासदाच्या गाडीला एक काटा आणि तपासणीला दुसरा, असे निघाले तर आपण कारखाना डोक्यावर घेतो. मग सभेत एक आकडा आणि मंत्रालयात दुसरा, हे कसे चालेल?

पाळावयाची पथ्ये

मा. संचालक मंडळापुढे मी पुढील सूचना ठेवल्या आहेत. सभासदांनीही त्यांचा विचार करावा.

१) शासनाकडे जाणारे प्रत्येक निवेदन लेखी असावे. त्याची प्रत गट ऑफिसात वाचायला ठेवावी. जे सभेत मोठ्याने वाचता येत नाही ते मागूच नये.

२) आकडा देणाऱ्याने खाली सही करावी. मंजूर, अंदाजे आणि प्रत्यक्ष हे तीन रकाने वेगळे ठेवावेत.

३) मागणीचा भार कोणावर पडणार, तेही निवेदनात लिहावे. विजेचा दर वाढवून मागितला तर वीज घेणाऱ्याचे बिल वाढते, आणि तो घेणारा आपलाच मोटारपंपवाला भाऊ असू शकतो.

४) प्रवास, वर्गणी, सल्लागाराची फी हा खर्च वार्षिक अहवालात वेगळ्या ओळीत दाखवावा.

५) साखर संघाच्या एखाद्या मागणीशी आपण सहमत नसलो तर तसे लेखी कळवावे.

६) पक्ष कोणताही असो, निवेदन तेच असावे. निवडणूक आणि निवेदन यांची गल्लत नको.

उघडा दरवाजा

शेवटी एक उपयोगाची गोष्ट. दरवेळी ओळखच लागते असे नाही. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे दराचा अर्ज जाहीर करावा लागतो आणि त्यावर लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊनच आयोग निर्णय देतो. साखर नियंत्रणाच्या नव्या आदेशाचा मसुदाही केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये हरकतींसाठी खुला केला होता. पुढे मे २०२५ मध्ये तो आदेश लागू झाला. अशा वेळी साध्या कागदावर, आपल्या भाषेत, आपल्या रानातला खरा अनुभव लिहून पाठवता येतो. असा मसुदा निघाला की त्याचा मराठी सारांश गट ऑफिसच्या फळ्यावर लावण्याचे काम शेतकी खाते करील. ही जबाबदारी मी घेतो.

सभेतले ते सभासद नंतर गट ऑफिसात आले होते. मी त्यांना इथेनॉलच्या निवेदनाची प्रत दिली. चष्मा लावून त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, "हे असं आधी दाखवलं असतं तर मी गाडीभाड्याचं काढलंच नसतं." त्यांचे म्हणणे बरोबर होते. तेव्हा सभासद बंधूंनो, येत्या सभेला येताना उसाच्या बिलाबरोबर निवेदनांची प्रतही मागा. मागण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि मागितल्याने कारखान्याचेच भले होणार आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी