ग्रंथालयात लॉगिन केले, मग वधू-वर विभागात पुन्हा का?

आपल्या मंडळाच्या संकेतस्थळावर ग्रंथालय आणि वधू-वर सूचक हे विभाग वेगवेगळ्या उपडोमेनवर आहेत. एकाच मंडळात दोनदा पासवर्ड कशाला, असे अनेक सभासद विचारतात. हे मुद्दाम केले आहे.

संकेतस्थळाला प्रत्येक विनंती नवीनच असते. मघाशी कोण आले होते, हे त्याला आठवत नाही. म्हणून लॉगिन होताच सर्व्हर एक बिल्ला देतो, देवळाबाहेर चपला ठेवताना मिळतो तसा. त्यावर अंदाज करता येणार नाही असा लांबलचक क्रमांक असतो. ब्राउझर तो ‘कुकी’ म्हणून जपतो आणि प्रत्येक वेळी दाखवतो. त्या क्रमांकापुढची नोंद, म्हणजे सेशन, सर्व्हरवर राहते. बिल्ला ज्याच्या हाती, त्याच्या चपला, इथेही तसेच.

कुकी देताना ‘डोमेन’ या रकान्यात मुख्य डोमेन लिहिले, तर हा बिल्ला सगळ्या उपडोमेनना दाखवला जातो. रकाना कोरा ठेवला, तर ज्याने दिला त्यालाच. आपण तो कोरा ठेवला आहे.

एवढ्याने भागत नाही. कोणतेही उपडोमेन मुख्य डोमेनच्या नावाने कुकी ठेवू शकते आणि ती शेजारच्या विभागाकडेही जाते. म्हणून आपल्या कुकीच्या नावाआधी ‘होस्ट’ हा ठरीव उपसर्ग लावला आहे. तो असला की ‘डोमेन’ भरलेली कुकी ब्राउझर स्वीकारत नाही. ‘सेमसाइट’ ही खूण मात्र इथे कामाची नाही, कारण ब्राउझरच्या लेखी सगळी उपडोमेन एकाच साइटची.

तिसरी काळजी सर्व्हरवर. दोन्ही विभागांची सेशन एकाच वहीत असतील, तर ग्रंथालयाचा क्रमांक वधू-वर विभागातही चालून जाईल. म्हणून दोन वह्या वेगळ्या ठेवल्या आहेत.

ग्रंथालयाच्या यादीत पुस्तकांची नावे आहेत. वधू-वर विभागात आपल्या मुलामुलींच्या जन्मतारखा, उत्पन्न आणि फोन नंबर. ग्रंथालयाच्या विभागात उद्या एखादी चूक निघाली, तरी त्या वाटेने कोणी या माहितीपर्यंत पोहोचू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

एक लक्षात ठेवा: लॉगिन दोन, म्हणून लॉगआउटही दोन. ग्रंथालयातील सामाईक संगणकावरून उठताना दोन्हीकडून बाहेर पडा.